तुरुंगातील चमचा आणि शस्त्रबंदीचे राजकारण

अमेरिकेत बंदुकांवर निर्बंध असावेत की नसावेत, हा वाद गेली कित्येक दशके चालू आहे. या वादात निर्बंधांना विरोध करणाऱ्यांकडून एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. तुरुंगाइतकी कडक शस्त्रबंदी पृथ्वीतलावर दुसरीकडे कोठेही नसते. सभोवार उंच भिंती, दरवाजावर झडती, रात्रंदिवस पहारा आणि कोणत्याही क्षणी कोठडीची उलथापालथ करण्याचा अधिकार. तरीसुद्धा तेथील कैदी दात घासण्याच्या ब्रशाला धार लावतात, खाटेच्या पट्टीचा सुरा करतात आणि पायमोज्यात कुलूप घालून त्याचा सोटा बनवतात. जी बंदी चार भिंतींच्या आत पाळली जात नाही, ती तेहतीस-चौतीस कोटी लोकांच्या देशात कशी पाळली जाणार, असा प्रश्न मग विजयी मुद्रेने विचारला जातो.

युक्तिवाद चटकदार आहे आणि त्यात तथ्याचा अंश मुळीच नाही असे नव्हे. परंतु त्याची परीक्षा अमेरिकेपुरती ठेवण्याचे कारण नाही. हुकूम काढून शांतता मिळवण्याचा मोह सर्वच सरकारांना होतो. महाराष्ट्रातील कारागृहांतही गेल्या दीड दशकात अशा काही घटना घडल्या आहेत की, बंदीने नेमके काय साधते आणि काय साधत नाही हे त्यांवरून पडताळून पाहता यावे.

बनवलेली आणि आणलेली हत्यारे

२०१० साली मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात अबू सालेम या कुख्यात गुंडावर धार लावलेल्या चमच्याने हल्ला झाला. जून २०१२ मध्ये पुण्याच्या येरवडा कारागृहातील अतिसुरक्षित अंडा सेलमध्ये दहशतवादाचा आरोप असलेल्या एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून करण्यात आला. त्यासाठी वापरली गेली ती अर्ध्या विजारीची नाडी. जून २०१३ मध्ये तळोजा कारागृहात त्याच अबू सालेमवर पिस्तुलातून गोळी झाडण्यात आली. आणि जून २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात, १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा झालेल्या एका कैद्याला आंघोळीच्या जागेवरून झालेल्या भांडणात गटारावरील लोखंडी झाकणाने ठार मारण्यात आले.

या चार घटना वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांत एक मूलभूत भेद आहे. चमचा, नाडी आणि गटाराचे झाकण या तुरुंगाने स्वतःच पुरवलेल्या अथवा बाळगू दिलेल्या वस्तू होत्या. पिस्तूल मात्र कोठडीत घडवता येत नाही; ते बाहेरूनच यावे लागते आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूला वाट एकच, ती म्हणजे पहाऱ्यातील ढिलाई अथवा पहाऱ्याची विक्री. पहिल्या प्रकारचे हत्यार हे उत्पादन आहे, दुसऱ्या प्रकारचे ही तस्करी. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील ४२ वे कलम निषिद्ध वस्तू आत नेण्याला शिक्षा सांगते. पण हे कलम तस्करीविरुद्धचे आहे. जेवणाच्या चमच्याचे हत्यार होऊ नये, यासाठी कोणत्याही कायद्यात पुरेसे कलम लिहिता येणार नाही. कारण जेवायचे असेल तर चमचा लागतो, झोपायचे असेल तर खाट लागते आणि पाणी वाहून जायचे असेल तर गटारावर झाकण लागते.

तेव्हा बंदीच्या विरोधकांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे की, ज्याला हत्यार हवेच आहे त्याला ते काही ना काही रूपात मिळतेच. प्रश्न असा की, कोणत्या रूपात आणि कोणत्या किमतीला?

ॲटिकाचा दाखला

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास बंदी ही एक प्रकारची करआकारणी असते. बंदी घातलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती महाग होते, दुर्मिळ होते आणि तिची जागा हलक्या प्रतीची पर्यायी वस्तू घेते. दुकानात मिळणाऱ्या पिस्तुलाऐवजी कैद्याला कित्येक रात्री जागून फरशीवर घासलेल्या प्लास्टिकवर भागवावे लागते. त्याने एका वेळी एकाच माणसावर, तोही हाताच्या अंतरावर असेल तरच, वार करता येतो आणि तो माणूस प्रतिकार करू शकतो. हा फरक किरकोळ नाही. तो किती मोठा आहे हे न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात दिसून आले.

९ सप्टेंबर १९७१ रोजी ॲटिकातील सुमारे तेराशे कैद्यांनी बंड करून चाळीसएक कर्मचारी ओलीस धरले. कैद्यांजवळ सुरे होते, दांडके होते, बंदुका नव्हत्या. चार दिवस वाटाघाटी चालल्या. या चार दिवसांत कैद्यांच्या हातून एक पहारेकरी आणि तीन कैदी अशी चार माणसे मेली. १३ सप्टेंबरला राज्य पोलिसांनी आणि पहारेकऱ्यांनी बंदुकांनिशी तुरुंग परत घेतला, तेव्हा काही मिनिटांत २९ कैदी आणि १० ओलीस मिळून ३९ माणसांचा बळी गेला. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असे अधिकाऱ्यांनी प्रथम जाहीर केले. शवविच्छेदनात मात्र सर्व ओलिसांचा मृत्यू सरकारी गोळ्यांनीच झाल्याचे निष्पन्न झाले. शेकडो संतप्त माणसे आणि घरगुती सुरे यांनी चार दिवसांत जेवढे जीव घेतले, त्याच्या जवळजवळ दसपट जीव बंदुकांनी काही मिनिटांत घेतले.

तुरुंगाचा दाखला बंदूकबंदीच्या विरुद्ध जातो असे म्हणणाऱ्यांनी या आकड्यांकडे पाहावयास हवे. तुरुंगात हत्यारे असतात हे खरे. पण तेथे हत्यारांची प्रत बंदीमुळे खालावलेली असते आणि त्यामुळेच तेथील असंख्य भांडणांचा शेवट जखमेवर होतो, मृत्यूवर होत नाही. बंदी निष्फळ नाही. तिचे फळ वेगळे आहे, एवढेच.

त्याच बंदीचे दोन परिणाम

तथापि, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. कारण बंदी तीच असूनही तिचा परिणाम निरनिराळ्या काळी अगदी निराळा दिसतो. अमेरिकी न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तेथील राज्य तुरुंगांत १९८० साली दर लाख कैद्यांमागे ५४ खून होत. २००२ साली हे प्रमाण ४ वर आले होते. त्या वर्षी तुरुंगाबाहेरच्या अमेरिकेतील खुनांचे प्रमाण यापेक्षा जास्त होते. खुनी, दरोडेखोर आणि टोळीवाले ज्या इमारतीत कोंडले आहेत ती इमारत बाहेरच्या रस्त्यापेक्षा सुरक्षित ठरावी, ही साधी गोष्ट नव्हे.

आता, १९८० साली तुरुंगात सुरा बाळगण्याची मुभा होती आणि २००२ साली ती काढून घेतली गेली, असे काही घडलेले नाही. सुरा दोन्ही वर्षी निषिद्धच होता. बदलला तो कारभार. १९८० सालचे चित्र कसे होते, याची कल्पना न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथील तुरुंगावरून येते. त्या वर्षीच्या २ फेब्रुवारीला तेथे दंगल उसळली आणि दीड दिवसात ३३ कैद्यांचे खून इतर कैद्यांनी केले. दुरुस्तीच्या कामासाठी इमारतीत ठेवलेली लोखंड कापण्याची गॅसची उपकरणे दंगेखोरांच्या हाती लागली होती. परंतु हत्यार मिळाले म्हणून दंगल झाली असे कोणत्याही गंभीर अभ्यासकाने म्हटले नाही. तुरुंग खचाखच भरला होता, शिक्षणाचे आणि कामाचे कार्यक्रम बंद पडले होते आणि कैद्यांना एकमेकांचे खबरे बनवून कारभार चालवला जात होता. जो खबऱ्या ठरेल त्याला संरक्षण नाही, आणि आपण खबऱ्या ठरणार नाही याची कोणालाच हमी नाही, अशी ती अवस्था होती.

पुढील दोन दशकांत अमेरिकेतील कैद्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली, पण दंगली आणि खून कमी झाले. बर्ट युसीम आणि ॲन पिएल या अभ्यासकांनी या सुधारणेचे श्रेय सुधारलेल्या तुरुंग प्रशासनाला दिले आहे. उलट जेथे प्रशासन ढासळले तेथे जुने दिवस परत आले. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने अलाबामा राज्यातील पुरुषांच्या तुरुंगांविषयी जो अहवाल दिला, त्यात कैद्यांनी बनवलेली हत्यारे सर्रास आढळत असल्याचे नमूद आहे. आणि त्याच अहवालात बेसुमार गर्दी व कर्मचाऱ्यांचा तीव्र तुटवडा यांवर बोट ठेवलेले आहे. हे दोन उल्लेख एकत्र येतात हा योगायोग नाही.

मागणी कोठून येते?

पुरवठ्याकडे पाहून झाल्यावर मागणीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. कैदी हत्यार का बनवतो? काही जण ते खंडणीसाठी, टोळीच्या दराऱ्यासाठी अथवा सुडासाठी बनवतात, यात शंका नाही. परंतु एका दांडग्याजवळ सुरा आहे असे कळले की, त्याच बराकीतील पाच भित्र्यांना आपल्याजवळही काहीतरी असावे असे वाटू लागते. राष्ट्राराष्ट्रांत चालणारी शस्त्रस्पर्धा बराकीतही चालते आणि तिचे तर्कशास्त्रही तेच असते. दुसऱ्याने हत्यार टाकल्याची खात्री नसताना आपले टाकणे हा मूर्खपणा ठरतो. ही खात्री देणारा तिसरा पक्ष म्हणजे पहारेकरी. आणि पहारेकऱ्यावर भरवसा उरला नाही की चमच्याला धार येते. प्रत्येक घासलेला चमचा म्हणजे तुरुंगाच्या कारभारावर कैद्याने मांडलेला अविश्वासाचा ठराव होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

हा अविश्वास निराधार असतो असेही नाही. २ मे २०२३ रोजी दिल्लीच्या तिहार तुरुंगात अतिसुरक्षित विभागातील एका कच्च्या कैद्यावर प्रतिस्पर्धी टोळीच्या कैद्यांनी तुरुंगातच बनवलेल्या हत्यारांनी असंख्य वार केले. जखमी अवस्थेत त्याला नेले जात असतानाही सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या देखत पुन्हा वार झाले आणि हे सारे कॅमेऱ्यात टिपले गेले. संबंधित कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. कॅमेरा होता, पहारा होता, बंदी होती. ज्याच्यासाठी हे सर्व असते ते संरक्षण मात्र नव्हते. ते दृश्य पाहिलेल्या कैद्याने आपल्या रक्षणाची भिस्त कोणावर ठेवावी?

त्यातच गर्दीची भर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० माणसे कोंडली होती. म्हणजे शंभरांच्या जागेत १३१. यांपैकी सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते. त्यांचा गुन्हा शाबीत व्हावयाचा होता. दुसरीकडे कारागृह कर्मचाऱ्यांची जवळजवळ ३० टक्के पदे रिक्त होती. कळंब्याचे भांडण आंघोळीच्या जागेवरून झाले, ही गोष्ट या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहावी. जेथे पाणी, जागा आणि पहारेकरी या तिन्ही वस्तूंचा तुटवडा आहे, तेथे दांडगाई हेच वाटपाचे साधन बनते.

बंदी लोकप्रिय का होते?

मग सरकारे मागणीचा विचार करण्याऐवजी बंदीकडे का धावतात? कारण बंदी स्वस्त असते. नवे पहारेकरी नेमायला वर्षानुवर्षे पगार द्यावा लागतो, कारागृह बांधायला जमीन लागते, खटले लवकर चालवायला न्यायाधीश लागतात. अधिसूचनेला मात्र एक कागद पुरतो आणि तिची बातमी दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर येते.

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९५९ साली कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या विक्रीवर बंदी आली. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘झॉम्बी’ पद्धतीचे भयंकर दिसणारे सुरे बेकायदा झाले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये ‘निंजा’ तलवारींची पाळी आली. यांतील प्रत्येक बंदीला काही ना काही समर्थन आहे. परंतु त्या देशात भोसकून होणाऱ्या खुनांत सर्वाधिक आढळते ते स्वयंपाकघरातील साधे चाकू. आणि एप्रिल २०२५ मध्ये डरहॅमजवळच्या फ्रँकलंड तुरुंगात एका दहशतवादी कैद्याने तीन अधिकाऱ्यांवर हल्ला केला तो उकळते तेल आणि स्वतः बनवलेली हत्यारे यांच्या साह्याने. त्यानंतर अशा विशेष विभागांतील कैद्यांची स्वयंपाकाची सोय बंद करण्यात आली. तातडीचा उपाय म्हणून ते योग्यही असेल. पण वस्तूंच्या यादीत तेलाची भर घातल्याने यादी संपत नाही.

महाराष्ट्रात हाच प्रकार कोयत्याच्या बाबतीत घडला. २०२२-२३ च्या सुमारास पुणे परिसरात हाती कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांचा बोलबाला झाला. तेव्हा पोलिसांनी दुकानांतून कोयते जप्त केले आणि खरेदीदारांच्या आधार कार्डाची नोंद ठेवण्यास विक्रेत्यांना सांगण्यात आले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रे मानली गेली आहेत. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा औद्योगिक उपयोगाची अवजारे त्यांतून वगळलेली आहेत. हे वगळणे शहाणपणाचे होते. बीड-नगरकडून दरवर्षी साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड मजुरांत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचलही त्या हिशेबानेच दिली जाते. जे अवजार एका कुटुंबाच्या मजुरीचे माप आहे, तेच दुसऱ्या ठिकाणी दहशतीचे साधन बनते. लोखंड दोन्हीकडे सारखेच आहे; फरक ते धरणाऱ्या हाताच्या परिस्थितीत आहे.

स्वतंत्रपूरचा धडा

हा फरक किती निर्णायक असतो, हे पाहण्यासाठी नॉर्वेपर्यंत जाण्याची गरज नाही. जरी तेथील हाल्डेन तुरुंगात गंभीर गुन्ह्यांतील कैदीही धातूचे चाकू घेऊन स्वयंपाक करतात, ही गोष्ट खरी आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानात ही मुक्त वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच. खुनाची शिक्षा झालेली माणसे येथे भिंतीवाचून, कुटुंबासह राहून शेती करीत आली. शेती म्हटली की कुऱ्हाड, विळा आणि खुरपे आलेच. म्हणजे ज्या माणसाच्या हातून पूर्वी कुऱ्हाडीने जीव गेला असेल, त्याच्याच हाती राज्यसंस्थेने कुऱ्हाड दिली आणि ती लाकडावरच चालली.

येथे पाठवले जाणारे कैदी पारखून निवडलेले असतात आणि प्रत्येक कैद्याला स्वतंत्रपूर लागू पडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तळोज्यात पिस्तूल मागवणारा कैदी आटपाडीला शेती करील, अशी भाबडी कल्पना कोणी करू नये. परंतु त्यामुळे मूळ मुद्द्याला बाधा येत नाही. आर्थर रोडवर चमचा धोक्याचा ठरला आणि स्वतंत्रपूरला कुऱ्हाडही धोक्याची ठरली नाही. याचा अर्थ, धोक्याचे माप वस्तूच्या लांबीरुंदीत घेता येत नाही. ते माणसाला वाटणाऱ्या भीतीत आणि त्याच्यापुढे असलेल्या आशेत घ्यावे लागते.

बंदी हा करार आहे

भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ साली आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. त्याचा सल इतका खोल होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला. पुढे १९४८ साली घटना समितीत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना हरि विष्णू कामत यांनी मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा. आणि २१ व्या कलमाने त्याच्या जीविताची हमी दिली.

या दोन कलमांचा एकत्रित अर्थ असा की, शस्त्रबंदी हा एकतर्फी हुकूम नसून करार आहे. नागरिक हत्यार खाली ठेवतो आणि त्याच्या बदल्यात राज्यसंस्था त्याच्या रक्षणाची जबाबदारी घेते. तुरुंगात तर ही जबाबदारी संपूर्ण असते, कारण तेथे माणसाला पळून जाण्याचीही मुभा नाही. सुनील बात्रा खटल्यांतील १९७८ व १९७९ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने कैदी तुरुंगाच्या दारात आपले मूलभूत हक्क ठेवून येत नाही, असा निर्वाळा दिला, तो याच तत्त्वाला धरून. सरकारने आपला अर्धा भाग पाळला नाही, तर दुसरा पक्षही आपला अर्धा भाग गुपचूप मोडतो. धार लावलेला चमचा हा त्या मोडलेल्या कराराचा पुरावा असतो.

बंदी उठवावी, असा याचा निष्कर्ष नाही. बंदुकीपासून समाज जितका दूर राहील तितके बरे, हे ॲटिकाने दाखवले आहे. आणि तुरुंगाच्या दरवाजावरील झडती कैद्यांइतकीच कर्मचाऱ्यांचीही काटेकोर व्हायला हवी, हे तळोज्याने दाखवले आहे. परंतु बंदीबरोबर तिची किंमतही अंदाजपत्रकात मांडली गेली पाहिजे. रिक्त पदे भरणे हा त्या किमतीचा पहिला हप्ता आहे. दुसरा हप्ता कच्च्या कैद्यांची संख्या कमी करण्याचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, काही अपवाद सोडून, प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ भोगल्यावर सोडण्याची वाट करून दिली आहे. तिचा वापर प्रत्येक कारागृहात व्हावयास हवा. तिसरी गोष्ट जवळजवळ फुकट होण्यासारखी आहे. झडतीत किती वस्तू जप्त झाल्या, याचे आकडे प्रशासन अभिमानाने देते. त्याऐवजी किती कैद्यांवर हल्ले झाले आणि किती कैद्यांनी संरक्षण मागूनही त्यांना ते मिळाले नाही, याचे आकडे कारागृहवार दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. जप्तीच्या आकड्यावरून पहाऱ्याची मेहनत कळते. हल्ल्यांच्या आकड्यावरून कैद्याची सुरक्षितता कळेल. बंदी घालणाऱ्याचे मूल्यमापन दुसऱ्या आकड्यावरूनच झाले पाहिजे.